फणसाडचं जंगल आणि मुरुडचा किनारा: पायी फिरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फणसाडचं नाव काढलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढतोय. प्रश्न जसे लोक विचारतात तसेच ठेवलेत. वेळ कमी असेल तर गाणीचा, म्हणजे पाणवठ्याचा, आणि गिधाडांचा प्रश्न तरी नक्की वाचा, बाकीचं जाताना गाडीत वाचलं तरी चालेल.

काशीदला कित्येकदा गेलोय, तिथे अभयारण्य कुठेय?

तुमच्या पाठीमागे. बीचवर समुद्राकडे तोंड करून बसलात की सुरूच्या झाडांच्या मागे, रस्त्यापलीकडे जो डोंगर उठतो ना, तिथूनच ते जंगल सुरू होतं आणि पार रोह्याच्या बाजूला उतरतं. साधारण ५४ चौरस किलोमीटरचं, १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं. शनिवार-रविवारी काशीदला पार्किंगला जागा नसते आणि तेव्हाच डोंगरापलीकडे सुपेगावच्या गेटवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं असतात. किनाऱ्याला इतकं खेटून असलेलं, इतकं दाट जंगल रायगडमध्ये दुसरं सापडणं अवघड आहे, आणि मुंबई-पुण्याहून अंतर धरलं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास.

बिबट्या दिसेल का?

आहे, पण दिसेल असं धरून जाऊ नका. गाईडलाही "बिबट्या दाखव" म्हणून मागे लागू नका, त्या बिचाऱ्याच्या हातात ते नसतं. ही जीपमध्ये बसून फिरायची सफारी नाही. हे पायी फिरायचं जंगल आहे, झाडी दाट आहे आणि इथले बहुतेक सस्तन प्राणी एक तर रात्री फिरतात नाहीतर तुमचा आवाज ऐकून आधीच निघून गेलेले असतात. सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, तरस, उदमांजर असं सगळं इथे नोंदवलं गेलंय, पण तुम्हाला बहुतेक वेळा दिसणार ते ठसे, विष्ठा, साळिंदराचा पडलेला काटा, सांबराने शिंगं घासून साल सोलवटलेलं झाड. ते वाचायला शिकलात तर रिकाम्या हाताने परत आलो असं वाटणार नाही.

पिसोरीबद्दल एक सांगतो. भारतातलं सगळ्यात लहान खुरवालं जनावर, वजन फार तर तीनेक किलो, अंगावर पांढरट ठिपके आणि पट्टे, शिंगं नाहीतच. ती या जंगलात आहे. पण ती दिवसा पाचोळ्यात आणि झाडांच्या ढोलीत दबून बसते, तुम्ही दोन फुटांवरून गेलात तरी कळणार नाही.

मग दिसतं काय नक्की?

शेकरू. सकाळी लवकर गेलात आणि गप्प राहिलात तर शेकरू दिसायची शक्यता खूप चांगली असते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळट पोट, आणि शेपटी तर अंगापेक्षा लांब. आधी ऐकू येतं ते, झाडाच्या शेंड्यातून कडकड असा एका लयीतला खडखडाट येतो, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो पक्षीच वाटतो. मग वर बघा, पण नुसतं आवाजाकडे बघून उपयोग नाही, खाली काय पडतंय ते बघा. अर्धवट कुरतडलेली फळं, सालीचे तुकडे टपटप पडत असले की बरोबर त्याच्या वरच्या फांदीवर ते पोटावर पसरून, मागचे पाय फांदीला अडकवून, पुढच्या दोन्ही हातांनी फळ फिरवत बसलेलं असतं.

त्याचं घरटं म्हणजे काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, फांद्यांच्या टोकाला बांधलेला, जिथे वजनदार शिकारी पोचू शकत नाही. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटी मोजून शेकरू किती ते ठरवता येत नाही. आणि ते सहसा जमिनीवर उतरत नाही. वीसेक फुटांची उडी मारून या झाडावरून त्या झाडावर जातं. त्यामुळे रस्ता रुंद केला, मधली चार झाडं काढली की आपल्याला वाटतं जंगल तसंच आहे पण शेकरूसाठी तिथे जंगल संपलेलं असतं. जिथे फांद्यांना फांद्या भिडलेल्या आहेत तिथेच ते टिकतं, एवढं लक्षात ठेवून वर बघत चाला, जंगलाचा नकाशाच वेगळा दिसायला लागतो.

पक्ष्यांमध्ये धनेश, हरियाल, तुरेवाला सर्पगरुड, स्वर्गीय नर्तक, श्यामा. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर नवरंगाची दोन सुरांची शीळ. पावसाळ्यानंतर नीलवंत फुलपाखरू, म्हणजे ब्लू मॉरमॉन, तेही आपलं राज्य फुलपाखरू आहे. शेकरू, हरियाल आणि नीलवंत, राज्याचा प्राणी, पक्षी आणि फुलपाखरू एका सकाळी एकाच पायवाटेवर दिसू शकतात अशी ही जागा आहे.

गाण म्हणजे काय? गाईड सारखं गाण गाण म्हणत होता.

गाण म्हणजे जंगलातला पाण्याचा जिवंत झरा, पाणवठा. फणसाडची गाण, चिखलगाण अशी त्यांना नावं आहेत. माझ्या मते फणसाड समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करायला पाहिजे.

इथे पाऊस धो धो पडतो, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण चार महिन्यांत सगळा पडून समुद्राला मिळतो आणि समुद्र तर इथून हाकेवर. डोंगरमाथ्यावर जांभा आहे, भोकाभोकांचा, पाणी पिणारा, आणि खाली काळा कातळ. वर झाडोरा असेल, पाचोळ्याचा थर असेल तर पाणी थांबतं, जांभ्यात मुरतं आणि खाली कातळाला अडून कुठेतरी झऱ्यासारखं बाहेर येतं. ती गाण. झाडोरा गेला की तेच पाणी पावसाळ्यातच वाहून जातं आणि मार्चनंतर ठणठणाट.

एप्रिल-मेमध्ये बाकीचे ओढे आटले की जंगलातलं सगळं जग या पाच-सहा हात रुंद डबक्यांभोवती येतं. कडेच्या ओल्या मातीवर बघा, भेकराच्या खुराची दोन टोकदार बोटं, बाजूला रानडुकराने उकरलेला चिखल, वानराच्या हाताचा ठसा, मधमाश्यांची रांग. बुद्धपौर्णिमेला महाराष्ट्रभर अभयारण्यांमध्ये पाणवठ्यांवर मचाण बांधून रात्रभर प्राणी नोंदवतात, फणसाडमध्येही गाणींवरच बसतात. संधी मिळाली तर जरूर जा, पण रात्रभर न बोलता, न खोकता, मोबाईल बंद ठेवून बसायची तयारी हवी, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी ती जागा मिळू दे.

आणि हे पाणी फक्त जनावरांचं नाही. पायथ्याच्या गावांच्या विहिरी, सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या, खुद्द मुरुड शहर, सगळे याच डोंगरांच्या पाण्यावर आहेत. मुरुडला पाणी देणारं गारंबीचं धरण नवाबाच्या काळात याच डोंगररांगेत बांधलं गेलं.

नवाबाचा आणि जंगलाचा काय संबंध?

फार मोठा. मुरुड ही जंजिरा संस्थानाची राजधानी होती, सिद्दी नवाबांची. हे जंगल त्यांचं शिकारीचं राखीव रान, केसोलीचं जंगल म्हणून ओळखलं जायचं. राखीव म्हणजे सर्वसामान्यांनी तिथे कुऱ्हाड घेऊन जायचं नाही. शिकारीसाठी का होईना पण रान राखलं गेलं, आणि त्याच काळात आजूबाजूचे डोंगर कोळशासाठी, लाकडासाठी बोडके होत गेले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, जंगल सरकारकडे आलं आणि पुढे ३८ वर्षांनी अभयारण्य झालं.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. राखीव रान म्हटलं की आपण नवाबाचं नाव घेतो, पण त्या रानात आणि त्याच्या कडेने कातकरी, ठाकूर, गवळी धनगर राहत होते आणि आजही आहेत, गाणींची नावं, वाटा, कुठल्या महिन्यात कुठलं फळ कुठे, हे सगळं त्यांच्याकडून आलंय. आज तुमच्यासोबत येणारा गाईड बहुतेक यातल्याच एखाद्या वाडीवरचा असतो. त्याला फक्त वाट दाखवणारा समजू नका. त्याला विचारा की तुझी आजी कुठल्या गाणीवरून पाणी आणायची, बघा किती सांगतो.

गिधाडं खरंच आहेत का अजून?

आहेत. पांढऱ्या पाठीचं गिधाड. रायगडच्या किनारपट्टीत जी थोडी शिल्लक आहेत त्यात फणसाडचा भाग महत्त्वाचा आहे.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कोणालाही विचारा, लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात गिधाडांची झुंबड उडायची. मग ती दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. कारण सापडलं ते डायक्लोफिनॅक, गुरांना वेदनेवर आणि तापावर द्यायचं साधं, स्वस्त औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याच्या किडन्या निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरतं. २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर. मेलॉक्सिकॅम हे त्यातल्या त्यात सुरक्षित औषध आहे. तुमच्या घरी, गावी गुरं असतील तर डॉक्टरला हे नाव घेऊन सांगा, खरंच सांगा, कारण गिधाडं एका दिवसात शंभर किलोमीटर सहज फिरतात, त्यामुळे अभयारण्याच्या आत कितीही जपलं तरी बाहेरच्या एका गोठ्यातलं औषध त्यांना मारू शकतं.

आणि संख्या भरून यायला वेळ का लागतो, तर जोडी वर्षाला एकच अंडं घालते. उंच झाडावर, काटक्यांचं मोठं घरटं. एक अंडं गेलं की ते वर्ष गेलं.

इथे मेलेली, औषधमुक्त गुरं ठरावीक जागी ठेवून गिधाडांना सुरक्षित खाणं पुरवायचे प्रयत्न झालेत. तुम्ही गेलात तर ती बहुधा आकाशातच दिसतील, दहा-अकरानंतर ऊन तापलं की. पंखांच्या खालच्या पुढच्या भागात पांढरा पट्टा, पंख सपाट, मध्ये न फडफडता लांब लांब गोल घिरट्या. घारीची शेपटी खाचेची असते, गिधाडाची आखूड आणि पाचरीसारखी. दुर्बीण असेल तर पाठ वळवल्यावर कमरेवरचा पांढरा भाग चमकून जातो.

घरटी बघायला मिळतील का? लोकेशन द्या ना.

नाही. घरटी कुठे आहेत ते मी लिहिणार नाही आणि तुम्हाला माहीत असेल तर तुम्हीही टाकू नका. वीण साधारण हिवाळ्यात असते, त्या काळात खाली गर्दी झाली, कोणी ड्रोन उडवला, तर पक्षी घरटं सोडून उठतो आणि अंडं उघडं पडतं.

ती एवढी मोठी शेंग कसली?

गारंबी. ही वेल आहे पण वेल म्हणायला जीभ अडते, माणसाच्या मांडीएवढी जाड, या झाडावरून त्या झाडावर पीळ देत गेलेली. शेंग मीटरभर आणि त्याहून लांब, चपटी, आत गोल तपकिरी गुळगुळीत बिया, प्रत्येक बी वेगळ्या कप्प्यात. शेंग पूर्ण वाळली की कप्प्याकप्प्याने तुटून पडते. बी आतून पोकळ असल्यामुळे ओढ्यातून तरंगत समुद्रात जाऊ शकते आणि कुठल्या तरी किनाऱ्याला लागते. मुरुडजवळच्या गारंबीच्या रानात हिच्या जुन्या वेली आहेत.

बी घरी आणायचा मोह सगळ्यांना होतो. अभयारण्यातून काहीही उचलून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यात बी पण आली, मोरपीस पण आलं, साळिंदराचा काटा पण आला. फोटो काढा आणि तिथेच ठेवा.

बाकी झाडांमध्ये ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, कुडा, सावर, सीता अशोक. आणि अंजनी. अंजनी उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते तेव्हा खोडालाच, फांद्यांना बिलगून जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके येतात, अख्खी फांदी निळी दिसते. त्यासाठी मुद्दाम वेळ काढून जायला हरकत नाही.

कधी जाऊ?

नोव्हेंबर ते मे. थंडीत चालायला छान, पक्षी भरपूर. प्राण्यांच्या खुणा बघायच्या तर एप्रिल-मे, पण उकाडा आणि दमट हवेची तयारी ठेवा, समुद्र जवळ असल्याने घाम वाळतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाटेवर जायंट वूड स्पायडरची सोनेरी धाग्यांची जाळी आडवी असतात, तोंडावर येईपर्यंत दिसत नाहीत, तेव्हा पुढे चालणाऱ्याने हातात काठी धरावी आणि जाळं न तोडता खालून वाकून जावं.

पावसाळ्यात सुंदर दिसतं हे खरं आहे, पण वाटा शेवाळतात, ओढे अचानक फुगतात. त्या दिवसांत वनविभागाला विचारल्याशिवाय निघू नका.

पोचायचं कसं?

मुंबईहून रस्त्याने पेण-अलिबाग-रेवदंडा-काशीद. किंवा बोटीने मांडवा, मग अलिबाग आणि पुढे एसटी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जायला रो-रो आहे, २०२० पासून. ट्रेनने आलात तर रोहा जवळ. जंगलाचं मुख्य गेट सुपेगावला, तिथून जाणाऱ्या रोहा-मुरुड एसटी आहेत पण थोड्या, वेळ आधी डेपोत विचारून घ्या. काशीदच्या बाजूने कोणी "शॉर्टकट आहे" म्हणून डोंगरात नेत असेल तर जाऊ नका.

परवानगी, गाईड, फी?

गेटवर नाव नोंदवायचं, प्रवेश फी आणि कॅमेऱ्याची फी भरायची, पावती घ्यायची. फी बदलत राहते म्हणून आकडा देत नाही. गाईड घ्याच. एक तर वाटा एकमेकींसारख्या आहेत आणि आत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, दुसरं म्हणजे जंगल राहिलं पाहिजे असं ज्यांच्या पोटाला वाटायला हवं ती हीच माणसं आहेत, त्यामुळे ते पैसे वाचवायचे नाहीत.

आईबाबा साठीचे आहेत, मुलगी सात वर्षांची, जमेल?

जमेल. मुख्य वाट कच्चा रस्ता आहे, चढ आहे पण अंगावर येणारा नाही. सकाळी सहा-साडेसहाला निघालात तर एखाद्या गाणीपर्यंत जाऊन दहापर्यंत आरामात परत येता येतं. दिवसभर आत फिरायची गरज नाही, अकरानंतर जंगल गप्प होतं. मुलांना "प्राणी शोध" न सांगता "आवाज मोज" सांगा, ती आपोआप शांत होतात आणि मोठ्यांच्या आधी शेकरू शोधतात.

पाणी माणशी दोन लिटर. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, मातकट किंवा हिरवा रंग. थंडीनंतर खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, वाऱ्याने तिची कुसं उडतात आणि अंगाला लागली की जीव नकोसा होतो, त्यामुळे वाट सोडून झुडपात हात घालू नका. उन्हाळ्यात गोचीड चिकटतात, परत आल्यावर अंग आणि कपडे तपासा.

साप?

आहेतच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, झाडावर हिरवा चापडा, आणि बिनविषारी तर कितीतरी. बूट घाला, पाऊल टाकायच्या आधी बघा, दगडाखाली आणि ढोलीत हात नको, अंधार पडल्यावर चालणं नको. एवढं पाळलं तर साप तुम्हाला त्रास देत नाही. दंश झालाच तर बांधाबांध, चिरा, चोखणं काही नाही, माणसाला शांत ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि सरळ रुग्णालय गाठायचं. मुरुडला ग्रामीण रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय.

लाल विंचूही कोकणात आहे. त्याच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवायचं काम याच रायगड जिल्ह्यात, महाडमध्ये, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केलं, आणि त्याआधी कोकणात विंचवाने लहान मुलं सर्रास दगावायची. तेव्हा विंचू चावला तर मांत्रिकाकडे नाही, डॉक्टरकडे.

दुपारनंतर काय? जंगल झालं की घरी?

अजिबात नाही. निम्मा दिवस किनाऱ्याला द्या, कारण डोंगर आणि समुद्र इथे वेगळे करताच येत नाहीत. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा. नांदगाव-मुरुडच्या बाजूला पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर चिखले, तुतारी असे पाणथळीचे पक्षी धावत असतात, थंडीत कुरव थव्याने येतात. समुद्री गरुड दिसला तर दिवस सार्थकी, पांढरं पोट, राखाडी पंख, उंच झाडावर बसून पाण्याकडे टक लावलेला. पोहायच्या नादाला लागू नका, काशीदला पाण्याला ओढ आहे आणि दरवर्षी माणसं जातात.

नांदगावला सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, तिथे लोक दर्शन घेतात आणि निघतात. पण हे गणेश दैवज्ञांचं गाव आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. सोळाव्या शतकातला ज्योतिर्गणिती, वडील केशव दैवज्ञ तेही मोठे गणिती. गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहांची गती काढायची अशी सोपी पद्धत मांडली की त्यावर पुढे कित्येक पिढ्या पंचांगं तयार झाली. हे सगळं वेध घेणं याच किनाऱ्यावर झालं, समोर क्षितिजापर्यंत मोकळं आकाश.

जंजिरा त्याच दिवशी होईल?

होतो, पण घाई होते. जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीच्या जेट्टीवरून जा. पावसाळ्यात बोटी बंद असतात.

जंजिऱ्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, अजिंक्य, कलालबांगडी तोफ, १९ बुरूज, म्हणून मी फक्त पाण्याचं सांगतो. भर समुद्रात, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दोन मोठे गोड्या पाण्याचे तलाव. ते होते म्हणून वेढे सोसले गेले. परंपरेनं असं सांगतात की आधी तिथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटलाचा, आणि तो कपटाने घेतला गेला. पुढे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो इतका पक्का केला की संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता तरी किल्ला हाती आला नाही, मुघल फौज रायगडाच्या रोखाने आल्यामुळे ते काम अर्धवट सोडावं लागलं.

आणि समोर दिसतो तो दुसरा किल्ला?

पद्मदुर्ग, कांसा किल्ला. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला कांसा नावाच्या खडकावर बांधला. सिद्दीच्या डोळ्यासमोर, भरती-ओहोटी सांभाळत, रोज हल्ल्याची भीती असताना. या किल्ल्याला रसद पोचवायला दिरंगाई झाली म्हणून महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला १६७५ मध्ये खरमरीत पत्र लिहिलंय, ते उपलब्ध आहे, जरूर वाचा. आणि लाय पाटील. सोनकोळ्यांचा प्रमुख. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावायचं काम त्याने अंगावर घेतलं, लावल्याही, पण पाठीमागून यायची होती ती कुमक वेळेत आली नाही आणि उजाडायच्या आत त्याला शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला तेव्हा तो म्हणाला, आम्ही दर्यावर फिरणारी माणसं, पालखी घेऊन काय करू. मग महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि गलबताचं नाव ठेवलं पालखी. मुरुडच्या कोळीवाड्यात ही गोष्ट आजही अभिमानाने सांगतात.

पद्मदुर्गाला बोट रोज नसते, स्थानिक कोळ्यांशी बोलून, समुद्र शांत असेल तरच.

निसर्ग वादळात जंगल गेलं म्हणतात?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मुरुड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि फणसाडमध्येही मोठमोठी झाडं पडली. गिधाडं घरटी करायची अशी उंच झाडं, शेकरूच्या फांद्यांचे पूल, सगळ्याला फटका बसला. जंगल गेलं नाही, भरून येतंय, जिथे मोकळीक झाली तिथे खालची रोपं उजेडाकडे धावतायत. पण म्हातारं झाड पन्नास-शंभर वर्षांनीच म्हातारं होतं, तेवढा धीर आपल्यात पाहिजे. वाड्यांचं नुकसानही विसरू नका, पोफळ लावल्यापासून फळ यायला पाच-सात वर्षं जातात.

जेवायचं, राहायचं?

सुपेगावला वनविभागाचे तंबू आहेत, साधे, आधी बुकिंग करून जा. नाहीतर काशीद, नांदगाव, मुरुडला घरगुती सोय भरपूर. जेवण घरगुती खानावळीत सांगून ठेवा, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, ताजं मासळीचं कालवण, शाकाहारींना वालाचं बिरडं आणि सोलकढी. थंडीत गेलात तर पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी किंवा मसाला लावलेलं चिकन, वरून पुन्हा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत, पाल्याच्या ओलाव्यावर शिजतं. पण ते गावात, शेतात, यजमानांच्या सोबतीने. जंगलात जाळ करायचा नाही, मार्चनंतर पाचोळा एवढा सुकलेला असतो की एक ठिणगी पुरते.

रील, ड्रोन, ब्लूटूथ स्पीकर?

रील करा, आवाज न करता. ड्रोन नाही. स्पीकर तर गाडीतच बंद करून ठेवा. अत्तर, परफ्यूम पण टाळा. वानरांना बिस्किटं, चिप्स देऊ नका, एकदा चटक लागली की ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली मरतात.

वाटेत किंवा गावात एखादं गिधाड जमिनीवर बसलेलं, मान खाली टाकलेलं दिसलं तर?

हा प्रश्न कमी लोक विचारतात पण सगळ्यांना माहीत असायला हवा. जवळ जाऊ नका, हाकलून उडवायचा प्रयत्न करू नका, पाणी-मांस भरवू नका. गर्दी बाजूला करा, कुत्र्यांना लांब ठेवा आणि लगेच वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन लावा, नेमकी जागा सांगा, जवळपास मेलेलं ढोर पडलंय का ते सांगा. मेलेलं ढोर असेल तर ते कोणाचं, त्याला गेल्या काही दिवसांत कुठलं इंजेक्शन दिलं होतं एवढी माहिती मिळवून दिलीत तर फार मदत होते, कारण त्याच मांसावर आणखी गिधाडं उतरायच्या आधी ते उचलावं लागतं.